मावळतीकडची ताटी

चैत्र लागला आणि हंबीररावांच्या विहिरीवरच्या पाचही माडांची पाने करपू लागली. आधी टोके तपकिरी झाली, मग कडा; आणि रामनवमीनंतरच्या आठवड्यात तर पानांवर जळक्या कागदासारखे चट्टे उठले. हंबीरराव रोज सकाळी मोट सुरू करण्याआधी पाचही रोपांपाशी उकिडवे बसत, पान बोटांत धरून पाहत आणि मोटेकडे वळत.

आष्ट्यापासून कोसभर खाली, कृष्णेच्या काळ्या रानात त्यांचा सात एकर ऊस होता. ऊस कुठल्या पाण्याला तहानला आहे आणि कुठल्या खताने नुसताच माजला आहे, हे ते बांधावरून चालता चालता सांगत. माड मात्र त्यांनी आयुष्यात प्रथमच लावला होता, आणि तो लावण्यात त्यांचा शब्द गुंतला होता.

त्याचे असे झाले. त्यांचा मुलगा नानासो मराठा पलटणीत होता. पलटणीतल्या चिपळूणकडच्या एका सोबत्याची बहीण त्याने पसंत केली आणि गेल्या मार्गशीर्षात, रजेच्या तीन आठवड्यांत, लग्न उरकून घेतले. लग्नानंतर आठव्या दिवशी तो बेळगावास परतला आणि तिथून पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. लढाईचे ते सहावे वर्ष होते. घरात उरली ती अठरा वर्षांची मनू, आणि तिच्याबरोबर आलेली माडाची पाच रोपे. मनूच्या वडिलांनी, रावजींनी, ती आपल्या वाडीतून निवडून दिली होती. लावणीचा हंगाम खरे तर पावसाळ्याचा. पण लेक काही आषाढापर्यंत थांबणार नव्हती. मोटारीच्या टपावरून कुंभार्लीचा घाट चढून रोपे कऱ्हाडला आली, आणि तिथून बैलगाडीतून गावात.

पाठवणीच्या वेळी रावजींचे डोळे भरून आले तेव्हा हंबीररावांनी भरल्या मांडवात सांगितले होते, "इवाई, काळजी सोडा. वैशाखात लेकीला न्यायला या. लेक आन् रोपं, दोन्ही माज्या हिरीवर रुजलेली दावतो."

शब्द देऊन ते थांबले नाहीत. घरी आल्याबरोबर त्यांनी विहिरीजवळची, मोट ओततात त्या थारोळ्याच्या पाण्याला लागून असलेली उत्तम जागा निवडली. त्या जागेवर दुपारनंतर मोटेच्या बैलांच्या धावेवरच्या करंजाची सावली पडे. उसाच्या माणसाला सावलीचे वैर. "सावलीतला ऊस आन् मामाच्या घरचा भाचा, दोघं उंच होत्यात, पोसत कुणी न्हाई," असे ते नेहमी म्हणत, आणि आपल्या सात एकरांच्या बांधावर त्यांनी एक झाड ठेवले नव्हते. करंज तेवढा वडिलांच्या हातचा म्हणून राहिला होता. तोही त्यांनी गड्याला, गुंडाला, सांगून दोन दिवसांत भुईसपाट केला.

"आवं, मोटेची बैलं उभी ऱ्हायची त्याच्याखाली," त्यांच्या पत्नी बनुबाई म्हणाल्या.

"बैलांचं बघता येईल. सुनेच्या रोपांवर सावली नको पडाय."

पुढे महिनाभर भेटेल त्याला ते ही गोष्ट सांगत: सुनेच्या माडांना ऊन मिळावे म्हणून वडिलांच्या हातचा करंज तोडला. यात बढाई थोडी आणि माया पुष्कळ होती. मनू मागच्या दाराशी डोक्यावरचा पदर सावरून ऐके आणि खाली पाही. सासऱ्याशी सून बोलत नसे, सासराही सुनेशी थेट बोलत नसे. काही सांगायचे झालेच तर ते बनुबाईंच्या हवाली करायचे, अशी त्या घराची रीत होती.

थंडीत रोपे टवटवीत राहिली. फाल्गुन संपता संपता त्यांची पहिली टोके वाळली, आणि हंबीररावांनी उसाच्या हिशेबाने निदान केले: तहान. त्यांनी पाटाचे दार माडांच्या आळ्यांत सोडले. पाने आणखी करपली. त्यांनी पाण्याची पाळी वाढवली.

याच सुमारास मनू धुणे विहिरीवरच वाळत घालू लागली. दोन काठ्या रोवून, त्यांवर ओले लुगडे पसरून ती घरी येई, आणि तासाभराने पुन्हा ओले करून पसरी. एकदा हंबीररावांनी ते पाहिले आणि बनुबाईंना निरोप दिला, "सुनेला म्हणावं, कापडं घरामागं परड्यात वाळत घाल. रोपांवर सावली पडती." दुसऱ्या दिवसापासून काठ्या दिसेनाशा झाल्या.

गावाचे डोळे रोपांवर होतेच. भावकीतल्या अंबूबाई नदीवर धुण्याच्या दगडावर बसून म्हणाल्या, "पोरीबरूबर आलेली रोपं जळाय लागली. गेल्या महिन्यात म्हशीचं रेडकू गेलं. मी काय म्हणत न्हाई बाई. पर पोरगा तिकडं लढाईत हाय. पायगुण बघावा लागतो."

बनुबाईंनी ते तिथल्या तिथे ऐकले, ओले धुणे तसेच उचलून घरी आल्या आणि नवऱ्याला सांगितले. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातला पिळा त्या उगाच पुन्हा पुन्हा पिळत होत्या.

"मनूनं ऐकलं?" हंबीररावांनी विचारले.

"शेजारच्या दगडावरच हुती ती."

हंबीररावांना रात्री जेवण गेले नाही. आतापर्यंत त्यांना व्याह्यासमोर खाली पाहावे लागण्याची चिंता होती. आता त्यांच्या ध्यानात आले की रोपे मेली तर त्यांचा फक्त शब्द जाईल. पोरीला मात्र त्या पाच वाळक्या काड्यांचा डाग जन्मभर पुरेल. उद्या पलटणीकडून काही बरेवाईट कळले, न कळो, पण कळलेच, तर ते कुणाच्या पदरात बांधले जाईल हेही त्यांना दिसले. तिने तर एक शब्दही उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते विहिरीवर गेले आणि रोपांभोवती फिरले. नेहमी ते सकाळी, मोटेच्या बाजूने पाहत. आज प्रथमच त्यांनी प्रत्येक रोपाची दोन्ही अंगे पाहिली, आणि ते थबकले. मावळतीकडची पाने जळाली होती. उगवतीकडची हिरवी होती. दुसऱ्या रोपाचेही तसेच. पाचव्याचेही. तहान असती तर ती चारी बाजूंनी लागली असती. उगवतीच्या उन्हाने पान जाळले नव्हते; मावळतीच्या उन्हाने जाळले होते.

उसाने त्यांना हे कधी शिकवले नव्हते. ऊन मोजूनमापून देणारा माणूस त्या पंचक्रोशीत एकच होता: सांगली संस्थानच्या हद्दीत, ओढ्यापलीकडे पानमळा करणारे नेमिनाथ. हंबीरराव डोक्याला पटका गुंडाळून तसेच निघाले.

पानमळ्याभोवती उसाच्या वाळल्या पानांच्या, पाचटाच्या, आडोशासाठी उभ्या केलेल्या उंच ताट्या होत्या. लहानशा दिंडीदारातून वाकून आत शिरताच बाहेरची दुपार बाहेरच राहिली. शेवरीच्या आणि हादग्याच्या उंच, बारीक खोडांवर पानवेली चढल्या होत्या आणि वरून गाळून आलेला उजेड हिरवट दिसत होता. साठीचे, किडकिडीत नेमिनाथ पाने खुडत होते. त्यांची सून त्रिशला वाफ्याच्या कडेला बसून पानांच्या गड्ड्या लावत होती.

"या हंबीरराव. आज ऊस सोडून इकडं कसं?"

"एक इचारायचं हुतं, अण्णा."

"बसा. पान खाता खाता इचारा."

"माडाची रोपं करपाय लागल्यात. आन् नुसती मावळतीच्या अंगानं."

"उगवतीकडनं?"

"हिरवी हायती."

नेमिनाथांनी हातातली पाने पाटीत ठेवली. "मग रोपांनीच तुमास्नी सांगितलं की. मी आनखी काय सांगू?"

"आवं, पर माड उन्हाचंच झाड न्हवं? समिंदराकाठी उघड्यावर उभं असतंय."

"मोठं झाल्यावर. माणूसबी मोठा झाल्यावर दिवसभर उन्हात राबतो. म्हणून तान्हं पोर कुणी बांधावर उताणं टाकतं व्हय? सुगीत बाया झाडाच्या फांदीला झोळी बांधत्यात ते उगंच? कोकणात थोरल्या माडांच्या खाली धाकटी वाढत्यात. त्यास्नी आयती सावली. हितं तुमच्याकडं थोरलं कोण हाय?" नेमिनाथांनी डोळे बारीक केले. "थांबा. तुमच्या धावंवर करंज हुता की. त्याच्या आडोशाला का न्हाई लावली?"

"तोडला."

"कुणी?"

"मीच. रोपांना ऊन लागावं म्हणून."

नेमिनाथ हसले नाहीत. त्रिशलेने मात्र पदर तोंडाला लावला आणि गड्डीची पाने पहिल्यापासून मोजायला घेतली.

"उद्या सकाळी येतो मी," नेमिनाथ म्हणाले. "तवर पाणी बंद करा."

"पाणी बंद?"

"पाण्यानं ऊन इझत न्हाई, हंबीरराव. ऊस म्हंजे पैलवान गडी. पाजाल तेवढं ढोसतो. ह्ये अजून बुडाच्या नारळाच्या शिदोरीवर जगतंय."

सकाळी नेमिनाथ आले. त्यांनी रोपांची जुनी पाने पाहिलीच नाहीत. प्रत्येकाच्या मधोमध, सुईसारखा मिटून उभा असलेला नवा कोंब दोन बोटांत धरला आणि अलगद वर ओढला. पहिला हलला नाही. दुसरा हलला नाही. तिसरा मात्र सुरी म्यानातून यावी तसा सहज हातात आला. बुडाशी तो काळा पडला होता आणि त्याला कुबट वास येत होता.

"ह्यो गेला," ते म्हणाले. "उन्हानं पोळला आन् पाण्यानं कुजला."

चौथ्यापाशी ते वाकले तेव्हा हंबीररावांनी नकळत धोतराचा सोगा मुठीत धरला. चौथा घट्ट होता. पाचवाही.

"चार हायती. कोंब धरून हाय तवर रोप जित्तं. आता ऐका. मावळतीला आन् दक्षिणेला पाचटाची ताटी. उगवत मोकळी, सकाळचं ऊन त्याला दुधावानी हाय. वरनं पार झाकून अंधार करू नका, न्हाईतर काडीवानी उंच जाईल आन् वाऱ्यात मोडंल. पाणी चार दिवसांनी, एक-एक घागर. बुडाभोवती पाचट पसरा, पर खोडाला चिकटू देऊ नका. पाऊस लागला की मावळतीला शेवरी टोका. दिवाळीपर्यंत पुरुषभर वाढंल. पुढच्या उन्हाळ्यात तिचीच सावली. तिसऱ्या उन्हाळ्याला शेवरी काढा आन् मग त्याला म्हणा, गड्या, आता तुजा तू."

हंबीरराव घरी आले आणि बनुबाईंना सगळे सांगितले. बनुबाई चुलीपुढे बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी भाकरी परतली आणि म्हणाल्या, "मनूबी असंच म्हणत हुती."

"कवा?"

"शिमग्याला."

"शिमग्याला! मग मला का सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगू? तुमी करंज तोडल्याचं गावभर सांगत हिंडत हुता. मी म्हणलं, सांगते त्यास्नी. तर पोरगी म्हणली, आत्याबाई, राहू द्या. मामंजींनी मायेनं तोडलाय, त्यांचं मन मोडंल." बनुबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. "आन् ती झापं."

"कसली झापं?"

"रोपांबरूबर माडाच्या झावळ्यांची इणलेली झापं आली न्हवती का गठ्ठाभर? ती रोपांवर घालाय दिली हुती तिच्या बानं. तुमी म्हणाला, रोपं मोटारीत बांधून आणायला नुसती गुंडाळाय घातल्यात. आन् गुऱ्हाळाच्या चुलाणात टाकलीत. भडका बघून खूश झाला हुता."

हंबीरराव खाली बसले. मार्गशीर्षातली ती संध्याकाळ त्यांना स्पष्ट आठवली: काहिलीखाली उठलेला पिवळाधमक जाळ, आणि गूळ उतरवणाऱ्या गुळव्याला आपण म्हणालो होतो, कोकणच्या जळणाला धग चांगली आहे. झापांचा गठ्ठा घरातून उचलून नेताना दारामागे उभी असलेली नवी नवरीही त्यांना आठवली. त्यानंतर ओल्या लुगड्यांची आठवण आली, तेव्हा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरले.

"मी एक एक सावली शोधून काढून घालवली गं," ते म्हणाले.

"व्हय," बनुबाई म्हणाल्या. "आता जेवा."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत गुंडाने बांबू, सुतळी आणि पाचटाचे भारे विहिरीवर आणून टाकले. बनुबाई आणि मनू घागरी घेऊन आल्या आणि मनू रीतीप्रमाणे दहा पावले अलीकडे उभी राहिली. हंबीररावांनी पहिली ताटी उभी धरली, इकडे केली, तिकडे केली.

"गुंडा, इचार ताटी कशी रोवायची."

"कुणाला इचारू?" गुंडा म्हणाला.

"जिला ठावं हाय तिला."

गुंडाने धन्याकडे पाहिले, बनुबाईंकडे पाहिले, दहा पावलांवरच्या मनूकडे पाहिले. "मालक, ती माज्यापेक्षा तुमच्याच जवळ उभी हाय," तो म्हणाला. "तुमीच इचारा."

हंबीररावांनी ताटी खाली ठेवली. त्यांनी घसा साफ केला आणि पाच महिन्यांत प्रथमच सुनेकडे तोंड करून म्हणाले, "मनू, तूच सांग बाई. मला यातलं कळत न्हाई."

मनूने सासूकडे पाहिले. बनुबाई घागरीत काही पडले आहे की काय ते मोठ्या बारकाईने पाहत होत्या.

"सरळ नको, मामंजी," मनू म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते. "सरळ उभी केलीत तर डोईवरचं ऊन आत येतंय. रोपावर कलती ठेवा. आमच्यात बा अशीच ठेवतो." आणि थोड्या वेळाने, गुंडा खुंटी ठोकू लागल्यावर: "एवढी जवळ नाय. पात्याला पाचट घासता नये."

दहा वाजेपर्यंत चार ताट्या उभ्या राहिल्या. शेवटच्या दोन बांधताना मनू दहा पावलांवर नव्हती. ती सुतळीचे टोक धरून सासऱ्याच्या समोर बसली होती आणि "जरा ओढून, मामंजी" म्हणत होती.

मग वाट पाहणे आले. पाटाचे दार बंद ठेवणे हंबीररावांना सगळ्यात जड गेले. वाळक्या मातीकडे पाहून त्यांचा हात आपोआप फावड्याकडे जाई. पहिल्या आठवड्यात काही झाले नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. फक्त करपलेले पान आणखी करपले नाही. वैशाखाच्या सुरुवातीला, उन्हाने मोटेच्या नाड्याला हात लावू देऊ नये अशा दिवसांत, मनूने पहिल्या रोपाच्या कोंबाला चुन्याचे बारीक बोट लावून ठेवले. तीन दिवसांनी ती खूण बोटभर वर सरकली होती. हंबीररावांनी ती पाहिली, ओणव्यानेच पुन्हा पाहिली आणि गुंडाला हाक मारून त्यालाही पाहायला लावली. महिना निम्मा होईतो दोन रोपांची सुई उलगडली, आणि आतून फिकट, ओलसर हिरवे पान बाहेर आले. त्याच्यावर एकही डाग नव्हता.

अक्षय्य तृतीयेनंतर पंधरा दिवसांनी रावजी लेकीला न्यायला आले. हंबीररावांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिले आणि लगोलग विहिरीवर नेले. पाहुण्याला पाहायला भावकी जमली होती, ती मागोमाग गेली; अंबूबाईही होत्या. रावजी एकेका रोपापाशी वाकले. तिसऱ्याच्या जागी रिकामे आळे होते, तिथे ते थांबले.

"पाचातलं एक गेलं हो, पाव्हणं," अंबूबाई मागून म्हणाल्या. "काय करायचं. ज्याचा त्याचा पायगुण."

मनू थारोळ्यापाशी उभी होती. तिने मान खाली घातली.

"काकी," हंबीरराव म्हणाले, "पायगुण काढायचा तर माजा काढा. इवाई, तुमीबी ऐका. सावलीचा करंज मी तोडला. तुमी दिलेली झापं मी चुलाणात घातली. पोरगी लुगडी ओली करून आडोसा करत हुती, तो मीच काढाय लावला. आन् वर पाणी पाजून ह्ये तिसरं कुजवलं. चार जगली ती तिच्यामुळं आन् नेमिनाथअण्णामुळं. गावात कुणाला सांगायचं असंल तर असं सांगा."

अंबूबाईंनी पदर सारखा केला आणि विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते पाहिले. रावजी व्याह्याकडे वळले.

"झापं काहिलीखाली घातलीत?" त्यांनी विचारले.

"व्हय."

"गूळ तरी बरा उतरला?"

"गूळ एक नंबर उतरला," हंबीररावांनी प्रामाणिकपणे सांगितले, आणि रावजींना हसू आवरेना. ते हसले तसा गुंडा हसला, मग बनुबाई, आणि शेवटी मनूनेही मान वर केली.

"अहो, आमच्या वाडीत पाच लावली तर आम्ही तीन धरतो," रावजी डोळे पुसत म्हणाले. "तुमची चार हायत. घाटावर, ह्या उन्हात. आषाढात एक रोप आणखी पाठवतो. झापं पाठवत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. मनू महिनाभरासाठी माहेरी निघाली होती. गाडीत बसल्यावर तिने पदर सावरला आणि अर्धी गल्ली ऐकत असताना सासऱ्याला सांगितले, "मामंजी, वळवाचं वारं सुटलं तर ताट्या आडव्या करा. उभ्या ठेवल्यात तर रोपावर पडतील."

"व्हय."

"आणि पाणी..."

"चौथ्या दिवशी. एक घागर."

"भरून नाय. पाऊण."

"बरं. पाऊण."

"जा गं आता," बनुबाई म्हणाल्या. "न्हाईतर इवाई म्हणतील, लेकीला न्यायला आलो का माडांना."

गाडी कऱ्हाडच्या रस्त्याला लागेपर्यंत हंबीरराव वेशीपाशी उभे होते. मग ते विहिरीवर गेले, चारही कोंबांना हात न लावता नुसते पाहून आले आणि घरी येऊन पाटावर बसले. बनुबाईंनी वाढलेल्या दोन भाकरी त्यांनी संपवल्या, ताक मागितले, आणि मग ताट थोडे पुढे सरकवून तिसरी भाकरी मागितली.